रामजींचा ताप

"लघवीला जळजळ होते, कंबर दुखते, संध्याकाळी ताप चढतो," रामजींनी एका दमात सांगून टाकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

लालबागच्या त्या दवाखान्यात डॉक्टर आकांक्षा नुकत्याच बसायला लागल्या होत्या. त्यांनी नाडी बघितली. "अंग तर गार आहे, काका."

"येताना तापाची गोळी घेतली ना."

"आणखी काही?"

"शेजारच्या विकासच्या घशाच्या गोळ्या उरल्या होत्या. त्याही झाल्या. फरक शून्य."

आकांक्षा रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. चाळीत उरलेली गोळी वाटीभर साखरेसारखी या दारातून त्या दारात जाते.

"घशाचे जंतू वेगळे, हे वेगळे. लघवी तपासू, मग नेमकं औषध देते. उशीर केलात तर किडनीवर जाईल. इथेच देता?"

"इथे नाही जमायचं. घरून आणतो."

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

रामजी गडबडले. "आठवून सांगतो," म्हणाले आणि डबी घेऊन परळला घरी गेले.

घरी त्यांच्या पत्नी मीराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"त्या बाईला सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"लाज कशी नाही वाटली?"

"या वयात कसली लाज?" रामजी पेज ढवळत म्हणाले. चाळीत कुणाला कळता कामा नये, अशी शपथ मीराबाईंनी त्यांना आधीच घातली होती.

रिपोर्ट आला. नेहमीच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नव्हते. आकांक्षांचं बोट खाली सरकत एका नावावर थांबलं.

"ही लागू पडेल. पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही. ॲलर्जीचं आठवलं?"

"कसलीच नाही. नक्की."

"ताप उतरला नाही तर मी घरी येऊन बघते."

"घरी नको," रामजी घाईघाईने म्हणाले.

त्यांनी मोबाईलला गजर लावला आणि एकही गोळी चुकू दिली नाही. त्या खोलीत दोघंही घाबरलेले होते आणि दोघंही ते दाखवत नव्हते. मग एका सकाळी ताप उतरला. मीराबाईंनी स्वतः उठून चहा टाकला, आणि रामजी कप हातात घेऊन चक्क रडले.

औषध संपल्यावर ते दवाखान्यात गेले. "एकदम झकास, मॅडम. जळजळ नाही, ताप नाही."

"छान झालं." आकांक्षांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "काकूंना सांगा, पाणी भरपूर प्यायचं. पुढच्या वेळी चहाला म्हणून मीच घरी येईन, पण पुन्हा स्वतःच्या जागी तुम्हाला आजारी पाडू नका म्हणावं."