सोळापौंडी

"या कंपनीचं नाव कुणी कधी ऐकलंय?" म्हाताऱ्याने टेबलावरचा निळा बॉल बोटाने दाबून पाहिला, पिकलाय की नाही ते बघावं तसा. "की येताना गाडीत बसल्या बसल्या ठेवलंत?"

"सात वर्षं झाली कंपनीला," नमुने घेऊन आलेली विक्रेती म्हणाली.

"सात! माझ्या पायातले बूट त्याहून जुने आहेत."

मागे उभे असलेले क्लबचे तिघे जण हसले. ते हसणारच होते. ज्या कंपनीचे बॉल हा बोलिंग क्लब वर्षानुवर्षं घेत आला होता, ती कंपनी बंद पडली होती. आता चाळीस नवे बॉल हवे होते. पण फोनवर प्रत्येकाने तिला एकच ऐकवलं होतं, "सोळापौंडींना पसंत पडले तर घेऊ."

एकाहत्तरी गाठली तरी म्हातारा सोळा पौंडांचाच बॉल टाकतो अशी त्याची ख्याती होती, त्यावरूनच हे नाव पडलं होतं. त्याहून जड बॉल खेळात चालतच नाही. त्याच्या बरोबरीचे खेळाडू चौदावर आले, मग बारावर आले. त्यांना तो तोंडावर 'लोणीहाते' म्हणायचा.

असल्या माणसांना ती पुरती ओळखून होती. तरुणपणी एक चषक मिळवायचा आणि जन्मभर तोच चघळत बसायचं.

म्हाताऱ्याने एकेक नमुना हातात घेतला आणि नाक मुरडून खाली ठेवला. "हा रंग दाराखिडक्यांना मारायचा उरला होता वाटतं?" पुढचा उचलून, "हा बरा आहे. दार उघडं ठेवायला टेकण म्हणून." तिसरा त्याने कानाशी नेला आणि हलवला. "आत काही आहे की नुसतीच हवा?"

तिने पुढचा नमुना त्याच्याकडे सरकवला. या महिन्यात तिच्या हाती एकही ऑर्डर लागली नव्हती.

"आता सोळाचा द्या."

तिने काळा बॉल पुढे केला. म्हाताऱ्याने भोकांत तीन बोटं घातली आणि उचलला. बॉल टेबलापासून चार बोटं वर आला, क्षणभर तिथेच थांबला आणि धप्पकन खाली बसला.

"हा सोळा?" तो गरजला. "अठराच्या खाली नाही हा! वजनातसुद्धा लबाडी?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. तिने बॉल उचलला आणि तरातरा कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर नेऊन ठेवला. बॉलना बोटांच्या मापाची भोकं पाडणाऱ्या मिस्त्रीची ही खोली होती आणि काटाही त्याचाच. आकडा उमटला. बरोबर सोळा.

"काटा बिघडलाय," म्हातारा म्हणाला.

"मग तुमचा बॉल ठेवून बघू ना. बिघडलेला असेल तर लगेच कळेल."

इतका वेळ भोकं पाडायच्या यंत्रापाशी उभा असलेला मिस्त्री एकदम पुढे आला आणि त्याने काट्याचा प्लग उपटला. "दादांचं खरं आहे. काटा दुरुस्तीला टाकायचाय. मीच सांगायला विसरलो."

"ऐकलंत? उचला तुमचे भोपळे!" म्हातारा ताठ मानेने बाहेर पडला. त्याच्यामागून ते तिघेही गेले.

मिस्त्रीने दार लोटून घेतलं, प्लग पुन्हा लावला आणि खुर्चीवरच्या पिशवीतून म्हाताऱ्याचा बॉल काढला. त्यावर ठसठशीत सोळा कोरलेलं होतं. त्याने तो काट्यावर ठेवला.

बारा.

"दोन वर्षं झाली," तो हळू आवाजात म्हणाला. "दादांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हलका बॉल घ्या म्हणून सांगितलं, तर म्हणाले, मग खेळणंच बंद. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवेनात, बोलेनात. शेवटी वहिनी माझ्याकडे रडत आल्या. तेव्हापासून बाराचा बॉल आणतो, त्यावरचा आकडा खरवडून काढतो आणि सोळा कोरतो. दादांना वाटतं, खांदा सुधारला."

"आणि लोणीहाते मात्र बाकीचे!"

"बाई, कुणाला बोलू नका. हात जोडतो."

नमुन्यांची पेटी बंद करताना तिला हसू येत होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. बायकोने आणि मिस्त्रीने मिळून दोन वर्षं बनवलं, तरी या दिग्गजाला चार पौंडांचा फरक कळू नये? आणि हा दुसऱ्यांच्या मालात खोट काढणार! ऑर्डर तर गेलीच होती. निदान जाता जाता याचा फुगा फोडून जाऊ, तिने ठरवलं.

म्हातारा बाहेरच्या बाकावर एकटाच बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. ती पेटी आपटून समोर उभी राहिली.

"तुम्हाला एक सांगायचंय. तुमचा तो बॉल..."

"बसा," तो म्हणाला. आवाज इतका खाली आला होता की तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "चाळीस बॉल लिहून घ्या. तुमची वजनं चोख आहेत."

"अहो, मग आत तुम्ही एवढं..."

त्याने मिस्त्रीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि तिच्याकडे झुकला.

"फक्त बारा पौंडांच्या बॉलवरचा आकडा जरा उथळ कोरायला सांगा. खरवडताना मिस्त्रीच्या बोटांना फोड येतात."