तान

भर दुपारी कार्तिकी अचानक रडायला लागली. "तान... तान," म्हणत तिनं मान खांद्याकडं वाकडी केली.

सुनिता हातातलं गाठोडं टाकून धावली. ऊसतोडीचा हंगाम संपवून ती सकाळीच शिरूरजवळच्या वाडीत परतली होती. दिवाळीआधी पोरीला थोरल्या जावेपाशी, वनमालापाशी ठेवून गेली, तेव्हा पोर नुसतं बोट दाखवायची. आता ती बोलत होती, आणि सकाळपासून तिच्या तोंडाकडं बघूनही सुनिताला काही उमगत नव्हतं. हा शब्द तेवढा कळला.

"तान लागली व्हय माझ्या बाईला?"

तिनं माठातलं पाणी वाटीत आणलं. कार्तिकीनं वाटी ढकलली. "तान!" सुनितानं पाण्यात साखर विरघळवली. पोरीनं ते थुंकलं. मग सुनितानं तिचे गाल धरून बळंच घोट पाजला. पोरीला ठसका लागला.

"मग पायजे तरी काय तुला?" पाठीत एक धपाटा बसलाच. कार्तिकी किंचाळत कोपऱ्यात पळाली.

वनमाला धुण्याची बादली घेऊन दारात आली.

"आक्का, मगाधरनं तान तान करती, आन् पानी काय पीत न्हाई."

"अगं, कान म्हणती ती!" वनमालानं बादली तिथंच टेकवली. "क न्हाई येत अजून तिला. क चा त करती. मागं बी असाच ठणकलता."

तिनं तव्यावर फडका शेकला, पोरीला मांडीवर घेतलं आणि ऊब कानाला लावली. हळूहळू हुंदके थांबले.

"कान दुखतोय लेकराचा, आन् मी मारलं," सुनिता म्हणाली.

"तुला कसं कळंल? तू हितं हुतीस का?" वनमाला सहज बोलून गेली, आणि मग तिलाच कसंतरी झालं.

सुनिता सरकून जवळ बसली. "आजून काय काय म्हणती? सांग की मला."

"गाडीला दाडी. भाकरीला भातली. घराला धल म्हणती."

"दाडी... भातली... धल..." सुनिता ओठातल्या ओठात घोकत राहिली. मध्येच तिला हसू फुटलं. डोळे पुसत तिनं विचारलं,

"आन् आई कसं म्हणती गं?"

वनमालानं फडक्याची घडी उगाच मोडून परत घातली.

कार्तिकीचे डोळे मिटत आले होते. तिनं चाचपडत वनमालाचा पदर मुठीत धरला.

"आई," ती म्हणाली.

एवढा एक शब्द तिला स्वच्छ येत होता.