विंगेतली टाळी

त्या जुन्या नाटकात नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो. नायकाचा हात गालाजवळ थांबायचा आणि विंगेत उभी असलेली रंगभूषेची मावशी टाळी वाजवायची. महिन्याभरापासून मात्र नायक खरंच मारू लागला होता.

"तुमची टाळी आता नको, मावशी," दिग्दर्शक खुशीत म्हणाला. "प्रसंग कसा जिवंत होतो बघा."

मावशी दात-ओठ खात नायिकेच्या गालावरचे वळ रंगाने झाकत राहिली.

आज शेवटच्या प्रवेशात नायिकेने माफी मागत गुडघे टेकायचे होते. तिने ते टेकले नाहीत. तिचा हात उठला आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हे नाटकात कुठं आहे?" दिग्दर्शक विंगेत तणतणला.

मावशीने रंगाने माखलेले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"मी नाही हो वाजवली टाळी."