कोणती साळू?

साळू गेली, हे गोरखला रविवारी सकाळी सरकारी दवाखान्याच्या जिन्यात कळलं. तो तिच्यासाठी चहा घेऊन वर चालला होता. सिस्टर खाली येत होती. "चहा राहू दे दादा," ती म्हणाली. तेवढ्यानेच त्याला समजलं.

आठ दिवसांची कावीळ. शुक्रवारी ती शेवटचं धड बोलली होती. "माजी माती चर्चच्या लोकांत कर. वाडीवर नको." गोरख हो म्हणाला होता. पण चर्चला तो कधी गेला नव्हता. दर रविवारी ती निघाली की तो म्हणायचा, "चालली मडमीन." ती हसायची आणि नेऱ्याच्या रस्त्याने पनवेलला जायची.

दवाखान्यातून तो तसाच विचारत विचारत निघाला. चर्च म्हणजे पनवेलच्या बाजारात, दुकानांच्या वर, एक लांबट हॉल होता. दारात विनिता नावाची बाई गुलाबाची फुलं घेऊन उभी होती. तिने एक फूल त्याच्या हातात ठेवलं.

"पहिल्यांदाच ना? या, पुढे या."

"ताई, मला सायबांना भेटायचं हाय."

"भेटाल हो! आज नव्या लोकांचाच दिवस आहे."

तिने त्याला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी आणखी पाच जण फुलं धरून बसले होते. चर्चचे पाळक कृष्णकांत यांनी सगळ्यांना उभं केलं. ढोलकी वाजू लागली, टाळ्या सुरू झाल्या आणि अख्खा हॉल रांग लावून हात मिळवायला आला. "वेलकम ब्रदर." "आता तुम्ही आमच्या घरचे." एका म्हाताऱ्याने तर त्याला मिठीच मारली. गोरखने पहिल्या माणसाला सांगून पाहिलं. पण तो हसत पुढे गेला, मागचा आला. मग गोरख नुसता हात पुढे करत राहिला. त्याचा हात एवढ्या माणसांनी आयुष्यात कधी धरला नव्हता. साळूचा पण असाच धरला असेल, त्याला वाटलं. म्हणून घरी येताना ती हसत यायची.

मग त्याच्या हातात माईक आला. "ब्रदर, दोन शब्द बोला."

"साळू बायको माजी," तो म्हणाला. "तुमच्यातलीच. आज सकाळी वारली. तिची माती तुमच्यात करायची, असं बोलली ती."

ढोलकी थांबली. कृष्णकांत खाली आले आणि त्यांनी गोरखच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मग ते विनिताकडे वळून हळूच काही बोलले. पण माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोणती साळू?"

विनिताला माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. बाप्तिस्म्याला इथे नवं नाव मिळायचं आणि पुढे तेच चालायचं. दोन महिन्यांपूर्वी बावीस बायकांना एका दिवशी नावं मिळाली होती. त्यात साळू होती.

"तिचं नवं नाव आठवा दादा," पाळक म्हणाले. "दफनभूमीच्या चिठ्ठीवर तेच लिहावं लागतं."

गोरखला तो दिवस आठवला. ती ओल्या केसांनी घरी आली होती. "मला नवीन नाव दिलं. सांगू?" तो म्हणाला होता, "नको. भाकऱ्या टाक." तिने पुन्हा कधी विषय काढला नाही.

"ती सांगत होती," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाय."

कोणाच्या तरी मोबाइलमध्ये त्या दिवसाचा फोटो निघाला. गोरखने साळूवर बोट ठेवलं. "अरे, ही का!" दोघीतिघी म्हणाल्या. "मागे दाराशी बसायची." पण नाव एकीलाही सांगता येईना.

शेवटी पाळकांनी रजिस्टर आणवलं आणि बावीस नावं मोठ्याने वाचायला घेतली. "मार्था." मागे एक हात वर झाला. "रिबेका." "आहे, आहे." "एस्तेर." "ती उलव्याला कामावर गेलीय, सकाळीच फोन झाला." एकेक बाई ओ देत गेली. उत्तर येणार नाही ते नाव साळूचं, एवढं सगळ्यांना कळलं होतं. प्रत्येक उत्तराला गोरख मान हलवत होता.

"लिदिया," पाळक म्हणाले.

कोणी बोललं नाही. हॉलमध्ये दोघी रडू लागल्या. पाळकांनी पेन उघडलं. मग त्यांची नजर खाली गेली. यादी अजून संपली नव्हती.

"योहान्ना."

कोणी बोललं नाही.

"सारा."

कोणीच बोललं नाही. पाळकांनी तिन्ही नावं पुन्हा वाचली, अगदी सावकाश. तिघींच्या पुढे पत्ता म्हणून एकच शब्द होता, वाडी. कोणती वाडी, ते लिहिलं नव्हतं. फोन नंबर नव्हता. त्यांनी विनिताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिन्ही बायकांना फुलं तिनेच दिली होती.

दुपार झाली. साळूची माती व्हायची होती, आणि उरलेल्या दोघींना शोधायला अजून कोणी निघालं नव्हतं.