दोन शेळ्या, फुकट

निवृत्त साहेबांनी रानाजवळ एकरभर जमीन घेतली खरी, पण पाळायचं काय, या विचाराने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोंबड्या म्हटलं की मुंगूस आठवे, मेंढ्या म्हटलं की लांडगा. शेवटी मागच्या शेतातले मेंढ्यावाले भाऊ आपणहून दोन शेळ्या घेऊन आले.

"घ्या साहेब, पैसे नकोत. शेजारधर्म समजा."

"अहो, पण लांडगा?"

"तो काय रोज येतोय होय!" भाऊ हसले आणि शेळ्या रानाकडच्या कुंपणाला बांधूनच गेले.

साहेबांना चहा गोड लागेना. "एवढा भला माणूस असतो का गं?"

"अहो, लांडग्याच्या वाटेत आधी आपलं शेत लागतं," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "इथेच पोट भरलं, तर तो त्यांच्या मेंढ्यांपर्यंत जाईल कशाला?"

साहेबांनी अंगणात बऱ्याच येरझारा घातल्या. मग आपणही मेंढ्याच घ्यायच्या, असं ठरवलं. संध्याकाळी ते दोन्ही शेळ्या घेऊन पलीकडे, अगदी रानाला खेटून, नव्यानेच राहायला आलेल्या मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले.

"घ्या बाई, पैसे नकोत. कुंपणाला मीच बांधून देतो."