घाटाखालचं चार्जिंग

दत्ताराम घाडीची बायको सुलोचना गेल्याचं गावाला कळलं, तेव्हा त्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी चार्जिंगलाच लावलेली होती. तिच्या छातीत कळ आली म्हणून तो तिला कोल्हापूरला न्यायला निघाला होता. घाटाच्या चढाला बॅटरी पुरणार नव्हती. रांगेतल्या लोकांनी त्याला पुढे घेतलं, पण बॅटरी भरायला लागतो तो वेळ कोण कमी करणार?

पेट्रोल बंद झालं तेव्हा अडीनडीला म्हणून गावात एकच पेट्रोलची गाडी ठेवायची मुभा मिळाली. ग्रामसभेत चिठ्ठी टाकली, ती शेजारच्या विश्राम पारकरच्या नावाने निघाली. सुलोचनाला कळ आली त्या दिवशी विश्राम त्याच गाडीतून बायकोला, मंदाला, तपासणीला घेऊन गेला होता. तिला महिन्यापूर्वी अशीच कळ आली होती. ती वाचली.

आता मंदा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालते, नवऱ्यावर खेकसते. ते ऐकलं की दत्ताराम दार लावून घेतो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी विश्राम आला.

"दत्त्या, वहिनीची इच्छा होती ना, अस्थी नरसोबाच्या वाडीला संगमावर सोडायची? चल माझ्या गाडीतून. टाकी भरलीय."

"माझी गाडी आहे."

"तुझी गाडी घाटात बसते रे."

"मग बसू दे. तू मंदाला फिरव."

विश्राम खाली मान घालून गेला.

दहावा होऊन गेला. अस्थींचा कलश अजून अंगणातल्या चाफ्याला टांगलेला आहे.