समोरच्या अंगणातलं पाळणाघर

दातारबाईंच्या पाळणाघरात मुलांना दिवसभर टीव्हीसमोर बसवून बिस्किटं देत. मुलं गप्प राहायची, आईबाप खूश असायचे. वनिता तिथंच कामाला होती. एकदा तिनं मुलांना पकडापकडी खेळायला बाहेर सोडलं आणि एका मुलीचा गुडघा फुटला. दातारबाईंनी वनिताला मुलांच्या सगळ्या आयांसमोर कामावरून काढून टाकलं. "हिच्या हाती मांजरसुद्धा देऊ नये," असंही म्हणाल्या.

वनिता ते विसरली नाही. पुढच्याच वर्षी तिनं मुद्दाम समोरचं, मोठ्या अंगणाचं घर भाड्यानं घेऊन स्वतःचं पाळणाघर काढलं. दोरीच्या उड्या, लंगडी, दमल्यावर मोड आलेले मूग आणि काकडी. पलीकडची मुलं खिडकीच्या गजांना चिकटून बघत राहायची. मग एकेक करून ती रस्ता ओलांडून इकडे आली. दातारबाईंच्या दाराला कुलूप लागलं, त्या दिवशी वनितानं पेरू वाटले.

आज सकाळी दातारबाई चार वर्षांच्या नातवाला घेऊन फाटकाशी आल्या. दोन पायऱ्या चढूनच पोरगा धापा टाकत होता.

"डॉक्टर म्हणाले, याला खेळू द्या, पळू द्या. घेशील का गं?"

मुलांना सोडायला आलेल्या आया बाजूलाच उभ्या होत्या. "घेईन," वनिता म्हणाली. "पण मला तेव्हा जे बोललात ते चूक होतं, असं यांच्यासमोर सांगा."

दातारबाईंनी सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

वनितानं पोराचा हात धरून त्याला अंगणात नेलं.

"रडेल तो. थांबते थोडा वेळ," दातारबाई म्हणाल्या.

पोरगा रडला नाही, मुलांमागे धावत सुटला. दातारबाई तासभर उन्हात उभ्या होत्या. शेजारी खुर्ची रिकामी होती. वनितानं त्यांना बसा म्हटलं नाही.